दोनशे पंचावन्न मिनिटं

सेवेरो आस्तोकुरीच्या हातून चूक होत नाही, हे पुकाकोचा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि एखाद्याला नसलंच तर सेवेरो स्वतः त्याला सांगायचा. सत्तावीस वर्षं त्यानं गावच्या शाळेत कारकुनी केली. एकाही दाखल्यावर खाडाखोड नाही. निवृत्त झाल्यावर आत्लेतिको पुकाकोचा या गावच्या फुटबॉल क्लबाच्या मंडळींनी त्याला आपला प्रतिनिधी केलं. म्हणजे सामन्याआधी खेळाडूंची यादी पंचांच्या हातात द्यायची, सगळ्यांची ओळखपत्रं सांभाळायची, लीगची पत्रं वाचायची, आणि सामना चालू असताना मैदानाच्या कडेला टेबलाशी ताठ बसून राहायचं. पगार नावाला होता. पण गळ्यात लीगचं कार्ड होतं, आणि बाजारातल्या बायका त्याला बटाटे निवडून देत. माणसाला म्हातारपणी आणखी काय लागतं?

त्या वर्षी क्लब एकतीस वर्षांनी पहिल्या श्रेणीत खेळत होता. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला तेव्हा गावात कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. राजधानी लीमाचे मोठमोठे संघ घाट चढून वर यायचे, आमच्या उंचीवर अर्ध्या तासात धापा टाकू लागायचे, आणि निलगिरीच्या झाडांवर चढून बसलेली फुकटी मंडळी त्यांना दमेकरी म्हणून हिणवायची. पण खाली किनाऱ्यावर गेलं की आमचेच पाय लटपटत. ऑक्टोबर सरत आला तेव्हा क्लब तक्त्यात तळाच्या दोघांच्या, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकलल्या जाणाऱ्यांच्या, जेमतेम एक पायरी वर होता. एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर पुन्हा एकतीस वर्षं.

लीगचा एक नियम होता. तरुण पोरांना खेळायला मिळावं म्हणून प्रत्येक क्लबानं हंगामभरात मिळून तीन हजार मिनिटं अशा पोरांना मैदानात ठेवायचंच. वयाची तारीख ठरलेली असे. लीगनं ठरवलेल्या जन्मवर्षाच्या एक जानेवारीला किंवा नंतर जन्मलेला तो तरुण, आधीचा तो नाही. मिनिटं कमी पडली तर शेवटी गुण कापणार. आदल्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका क्लबाचे असेच कापले गेले, क्लब खाली गेला, आणि त्यांच्या प्रतिनिधीचं नाव रेडिओवाल्यांना पंधरा दिवस थट्टेला पुरलं. बिचाऱ्यानं गाव सोडलं म्हणतात. सेवेरो तेव्हा पोट धरून हसला होता. ज्याला बेरीज येत नाही त्यानं वही हातात घेऊ नये, असं त्यानं चार लोकांत ऐकवलं होतं. त्याच्या वहीत प्रत्येक सामन्याचं पान होतं, तांबड्या शाईत मिनिटं, खाली बेरीज. सप्टेंबरच्या सभेत अध्यक्षांनी ती वही हातात उंच धरून दाखवली. मिनिटांची काळजी करू नका म्हणाले, आपल्याकडे सेवेरो आहे.

चूक सापडली ती एका विमानाच्या तिकिटापायी. शेवटचे तीन सामने राहिले होते, पहिला किनाऱ्यावर. मैदानावरच्या पायऱ्यांखाली क्लबची खोली होती, तिथं सेवेरो कोकाच्या पानांचा चहा घेत तिकिटांसाठी एकेकाचं ओळखपत्र बघून तारखा उतरवत होता. इनोसेन्सिओ किन्तो, उजव्या बाजूनं धावणारा चपळ पोरगा. जन्म, अठ्ठावीस डिसेंबर. सेवेरोनं चष्मा पुसला. वहीत लिहिलं होतं सहा जानेवारी.

सहा जानेवारी त्यानं हवेतून आणली नव्हती. गेली कितीतरी वर्षं त्याच तारखेला येणाऱ्या तीन राजांच्या सणाला तो किन्तोच्या घरी जेवत होता. डुकराचं मांस, मका, आणि मधोमध पोराच्या वाढदिवसाचा केक. अख्खी आळी जेवायची. पोर झालं तेव्हा बाप खाणीवर होता, तो परतल्यावर सणाच्या दिवशी बाप्तिस्मा झाला, आणि तेव्हापासून आईनं सण नि वाढदिवस एकाच चुलीवर उरकले. आमच्याकडे अर्ध्या गावाचे वाढदिवस असेच आहेत. जानेवारीत नोंदणीचे कागद पाठवताना सेवेरोनं ओळखपत्राची प्रत टाचणी मारून जोडून दिली. ती बरोबर गेली. वहीत मात्र त्यानं तारीख डोक्यातून लिहिली. पाळण्यातलं बघितलेलं पोर, त्याचं कार्ड काय वाचायचं? आणि तारीख तर पोराच्या नावातच होती. अठ्ठावीस डिसेंबर म्हणजे निष्पाप बालकांचा दिवस, त्या दिवशी झालेल्या पोराला आमच्या डोंगरात इनोसेन्सिओशिवाय, म्हणजे निष्पापशिवाय, दुसरं नाव कोण ठेवणार! सत्तावीस वर्षांच्या कारकुनाला तेवढंही दिसलं नाही.

त्यानं दाराला आतून कडी लावली आणि सगळी पानं पुन्हा मांडली. इनोसेन्सिओची मिनिटं वजा केली. तीन वेळा केली. दरवेळी उत्तर तेच आलं: दोनशे पंचावन्न मिनिटं कमी.

उरले होते तीन सामने, म्हणजे दोनशे सत्तर मिनिटं. एक तरुण पोरगा तिन्ही सामने पहिल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत उभा राहिला तरच भागणार होतं. पण पोरगा आणायचा कुठून? मिल्टनच्या गुडघ्याला प्लास्टर होतं. आबेलनं पंचांना शिवी हासडून हंगामापुरती घरी बसायची सोय करून घेतली होती. राहिला येर्सन, एकोणीस वर्षांचा, राखीव गोलरक्षक. आणि गोलात उभा होता विदाल पोमा.

विदाल अडतीस वर्षांचा. याच गावचा, ट्रकवाल्याचा पोरगा. हा हंगाम संपला की हातमोजे खुंटीला टांगणार, असं त्यानं मार्चमध्येच सांगून टाकलं होतं. शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता, त्या दिवशी त्याला निरोप द्यायचा, म्हणून बाजारातल्या बायकांनी त्याच्या नावाची शाल विणायला घेतली होती आणि सॅक्सोफोनवाल्यांचा ताफा ठरवला होता. हे झालं गावाचं. सेवेरोचं आणखी वेगळं होतं. विदालच्या मुलीचा, नाइदाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातात धरून उभा राहिलेला धर्मबाप सेवेरो. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वर धरतात. भावाशी कोर्टात भांडता येतं, कोंपाद्रेवर आवाज चढवलेलाही चालत नाही.

नऊ वर्षांपूर्वी विदाल दारूत बुडाला होता. बायको, दोरिला, पोरीला घेऊन माहेरी गेली होती. त्या वेळी सेवेरोनं त्याला आपल्या घरी आणलं आणि चाळीस दिवस त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर अंथरूण टाकून झोपला. विदालनं शिव्या दिल्या, लाथा मारल्या, रडला. एकेचाळिसाव्या दिवशी अंघोळ करून मैदानावर गेला. त्यानंतर थेंब नाही.

आता साधा मार्ग होता. अध्यक्षांकडे जायचं, वही पुढं ठेवायची, चूक झाली म्हणायचं. थोडी बोलणी खाल्ली असती. सेवेरो निघालाही. चौकापर्यंत गेला. तिथं पेयवाल्या गाडीभोवती पाचसहा जण गरम काढा पीत रेडिओ ऐकत होते, आणि रेडिओवरचा तो वाह्यात माणूस किनाऱ्यावरच्या त्या जुन्या प्रतिनिधीचं नाव घेऊन अजूनही खिदळत होता. वर्ष झालं तरी. काढेवाली सेवेरोला बघून म्हणाली, आपलं नशीब बाई, आपल्याकडे हे आहेत. सेवेरोनं काढा घेतला, पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत. तो माघारी फिरला.

प्रशिक्षकाला सगळे मास्तर म्हणत. ओसोरेस मास्तर काय्याओ बंदरावरचा, जूनमध्ये आलेला, कडक माणूस. आधीच्या क्लबात त्यानं दोन चांगले खेळाडू दारूपायी हाकलले होते, आणि हे त्यानं आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. सेवेरोला ते पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो त्या संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यावर, मास्तर जाळ्या मोजत होता तिथं जाऊन उभा राहिला.

"मास्तर, एक सांगायचंय. माझं नाव मात्र कुठं येऊ देऊ नका."

"बोला."

"विदाल. पुन्हा सुरू झालंय त्याचं."

मास्तरानं जाळी खाली ठेवली. "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"तुम्ही त्याचे कोंपाद्रे," मास्तर म्हणाला. "दुसरा कुणी बोलला असता तर कानाखाली वाजवली असती त्याच्या."

एवढंच बोलणं झालं. सेवेरो घरी गेला, बायकोनं वाढलेलं सूप त्यानं अर्धं टाकलं. त्याला वाटत होतं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. हंगाम संपला की मास्तर आपल्या बंदरावर जाईल, गोष्ट त्याच्याबरोबर जाईल. विदालला काय, थोडं वाईट वाटेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतका गोड बोलणारा दुसरा नसतो.

किनाऱ्यावरच्या सामन्यात येर्सन गोलात उभा राहिला. विदाल राखीव बाकावर. मास्तरानं कारण सांगितलं नाही, विदालनं विचारलं तर म्हणाला, स्वतःला विचार. येर्सनच्या हातून पहिलाच चेंडू निसटून आत गेला, क्लब दोन-एकनं हरला. टेबलाशी बसलेल्या सेवेरोनं सामना पाहिलाच नाही. तो घड्याळ पाहत होता. नव्वद मिनिटं पुरी झाली तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि मागं वळला तर विदाल त्या रडणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात टाकून त्याला काहीतरी समजावत होता.

गोष्ट गावात यायला चार दिवसही लागले नाहीत. मास्तर बोलला नव्हता. पण नऊ वर्षांपूर्वीचं लोक विसरले थोडेच होते. विदालला बसवलंय, मास्तर कडक आहे, दोन आणि दोन चार. न्हाव्याच्या दुकानात कुणी म्हणालं, डोळे तर लालच दिसत होते. उन्हात उभा राहणाऱ्या गोलरक्षकाचे डोळे लाल नाहीत तर काय हिरवे असणार? पण ते कोण विचारणार. शाल विणणाऱ्या बायकांनी सुया बाजूला ठेवल्या.

विदाल सेवेरोकडे आला तो दुपारचा, दोरिलानं पाठवलेली मक्याची भाकर घेऊन. खुर्चीत बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

"कोंपाद्रे, लोक काय म्हणताहेत ऐकलंस?"

"लोकांचं काय ऐकायचं."

"लोकांचं जाऊ दे. नाइदा... मी घरी आलो की पोरगी गळ्यात पडते. पूर्वी पडायची तशीच. पण आता नाक लावते, कोंपाद्रे. तोंडाचा वास घेते. अकरा वर्षांची पोर."

सेवेरो भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत राहिला. ती सुटतच नव्हती.

"तू मास्तरशी बोल," विदाल म्हणाला. "माझ्यावर नसेल विश्वास त्याचा. तुझ्यावर सगळ्यांचा आहे. तू सांगितलंस तर ऐकेल तो."

"बोलतो," सेवेरो म्हणाला.

विदालनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि गेला. गोलरक्षकाचे हात, मोडून वेडेवाकडे जुळलेल्या बोटांचे. सेवेरोला आपल्या हाताची किळस आली. खरंच सांगायचं तर त्या क्षणी त्यानं ठरवलं होतं की उद्या सगळं कबूल करायचं. मग त्यानं वही उघडली. एकशे पासष्ट मिनिटं राहिली होती. उद्या कबूल केलं तर चूक एक नव्हे, दोन कबूल कराव्या लागणार होत्या, आणि दुसरीला चूक म्हणत नाहीत. तो मास्तरकडे गेला नाही. विदाल भेटू नये म्हणून बाजारातून मागच्या गल्लीनं जायला लागला.

दुसरा सामना बरोबरीत सुटला. येर्सन या खेपेला बरा खेळला, खेळ थांबला की विदाल त्याला पाणी देऊन कानात काहीतरी सांगायचा. गुणतक्ता असा अडकला की शेवटचा सामना जिंकला तर क्लब राहणार, नाहीतर जाणार.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मैदानात मुंगीला जागा नव्हती. विदालला आज तरी खेळवतील अशी पुष्कळांना आशा होती; दारुडा असला तरी आपला, असं आता म्हणू लागले होते, आणि शाल शेवटी कुणीतरी पुरी केली होती. मास्तरानं नावं सांगितली, सेवेरोनं यादी लिहून पंचांना नेऊन दिली. गोलरक्षक, येर्सन. राखीव, विदाल पोमा. ती दोन नावं सेवेरोनं स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिली होती.

साठाव्या मिनिटाला इनोसेन्सिओ उजवीकडून घुसला आणि त्यानं गोल केला. अख्खं मैदान अंगावर कोसळल्यासारखं ओरडलं. सेवेरो टेबलाशी बसून घड्याळच पाहत होता. सत्तर. बहात्तर. चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तरावं मिनिट भरलं आणि दोनशे पंचावन्न पुरी झाली. त्यानं पेन खाली ठेवलं. क्लबचे गुण आता कुणी कापू शकत नव्हतं. त्याला वाटलं होतं की या क्षणी छातीवरची धोंड उतरेल. ती उतरली नाही.

तेवढ्यात पूर्वेकडच्या पायऱ्यांवरून आवाज उठला. आधी बायकांचा, मग सगळ्यांचा. विदाल, विदाल. मास्तर चालत टेबलापाशी आला, वाकला, आणि सेवेरोच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "लोक मागताहेत. मीही काही दगड नाही. शेवटची दहा मिनिटं देतो त्याला. फक्त एक सांगा, आज शुद्धीत आहे ना तो?"

विदाल बाकावरून उठून उभा राहिला होता. त्यानं अंगावरचं जाकीट काढलं होतं आणि तो यांच्याकडेच पाहत होता. सेवेरोनं फक्त हो म्हणायचं होतं. मिनिटं पुरी झाली होती. आता या खोट्याची कुणालाच गरज उरली नव्हती. पण वहीतली बेरीज पुन्हा चुकली असली तर? एक तारीख डोक्यातून लिहिली, आणखी एखादी लिहिली असली तर? ज्या माणसानं सत्तावीस वर्षांत खाडाखोड केली नाही त्याचा आता स्वतःच्या पंच्याहत्तरवरही भरवसा राहिला नव्हता. आणि खरं बोलायचं तर कारण एवढंच नव्हतं. आज शुद्धीत आहे म्हटलं, विदाल मैदानात गेला, चांगला खेळला, तर मास्तर उद्या विचारणार होता, की मग तुम्ही पाहिलंत ते काय होतं?

सेवेरोनं नकारार्थी मान हलवली.

मास्तर सरळ झाला. विदालकडे न बघता बाकापाशी गेला आणि विदालला हातानं बस म्हणून खूण केली. विदालनं जाकीट पुन्हा चढवलं. त्याला बाही पटकन सापडली नाही. येर्सननं शेवटच्या मिनिटाला खांबाजवळचा चेंडू अडवला, क्लब जिंकला, पहिल्या श्रेणीत राहिला. लोक मैदानात घुसले. कुणीतरी ती शाल येर्सनच्या खांद्यावर टाकली.

सोमवारी भर दुपारी अध्यक्षांच्या अंगणात जेवण होतं. पहाटेच खड्डा खणून तापलेल्या दगडांवर मांस, बटाटे, शेंगा रचून वर माती लोटली होती. बाराला ती उकरली तेव्हा वाफेचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सॅक्सोफोनवाले वाजवत होते. सकाळीच लीगचं पत्र आलं होतं. अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचलं: आत्लेतिको पुकाकोचा, तरुण खेळाडूंची मिनिटं पूर्ण, कपात नाही. दक्षिणेतल्या एका क्लबाचे मात्र कापले होते. अध्यक्षांनी सेवेरोला मिठी मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सेवेरोनं हात जोडावेत की तोंड लपवावं हे न कळून दोन्ही हात खिशात घातले.

विदाल आला, इस्त्रीच्या कोटात. एकटाच. दोरिला नि नाइदा दिसत नव्हत्या. तो म्हणाला, त्या जरा माहेरी गेल्यात.

मग वर्तुळ झालं. आमच्याकडे बिअर प्यायची रीत एकच. माणसं वीस असोत, ग्लास एक. बाटली आली की आपलं ओतून घ्यायचं, प्यायचं, तळचा फेस जमिनीवर झटकायचा, तो धरणीमातेचा वाटा, आणि ग्लास नि बाटली उजवीकडच्या शेजाऱ्याला द्यायची. शेजारच्याला गाळून पुढं दिली तर ते त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं, त्यावरून आमच्याकडे सुरे निघालेत. विदाल नऊ वर्षं बोटभर ओतून सगळीच धरणीला द्यायचा आणि ग्लास पुढं करायचा. कुणी कधी काही बोललं नव्हतं. त्या दिवशी त्याच्या उजवीकडे सेवेरो होता, सेवेरोच्या पलीकडे मास्तर.

ग्लास विदालच्या हातात आला आणि बोलणी थांबली. अठरा माणसं न बघितल्यासारखं करून बघू लागली.

"वाट बघताय ना सगळे," विदाल म्हणाला. "बघा."

त्यानं काठोकाठ ओतून घेतली आणि एका दमात संपवली. लगेच दुसरी ओतली, तीही संपवली.

कुणी कुणाला कोपर मारलं. कुणी सुस्कारा टाकला. आणि सेवेरोला, सांगायला लाज वाटते, पण पहिलं जे वाटलं ते बरं वाटलं. आता ते खोटं राहिलं नव्हतं. आता कुणी विचारणार नव्हतं. हे बरं वाटणं एका श्वासाइतकंच टिकलं. पण ते आपल्याला वाटलं, हे त्याला कळलं, आणि तो बोलूनच गेला.

"मास्तर, मी खोटं बोललो होतो. यानं नऊ वर्षांत थेंब घेतलेला नाही. माझ्या वहीत चूक होती. इनोसेन्सिओची तारीख चुकली होती, मिनिटं कमी पडत होती, येर्सनला उभं करायचं होतं. म्हणून मी याचं नाव घेतलं."

अध्यक्ष हसले. हातातलं पत्र त्यांनी सेवेरोच्या तोंडासमोर धरलं. "कसली चूक? पूर्ण म्हणून लिहिलंय इथं. सेवेरो, तुला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही."

मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं सेवेरोच्या खांद्याला विळखा घातला. "मित्रासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय हा. समोर पितोय तो, तरी. कोंपाद्रे असावा तर असा."

"नाही, मास्तर, खरंच..."

"पुरे. कळलं आम्हाला." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, मघापेक्षा जोरात.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. विदाल सेवेरोकडे बघत होता, खेळाडू पेनल्टी मारायला पळत येताना गोलरक्षक बघतो तसा.

"किती कमी होती?" त्यानं हळूच विचारलं.

"दोनशे पंचावन्न."

"तीन सामने."

"हो."

"सांगितलं असतंस तर मी बसलो असतो, कोंपाद्रे," विदाल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सेवेरोनं तो आनंदानं ऐकला असता. "मी स्वतः जाऊन म्हणालो असतो, पोराला उभा करा."

मग त्यानं फेस जमिनीवर झटकला, ग्लास आणि बाटली उचलली, आणि सेवेरोच्या छातीसमोरून हात लांब करून दोन्ही मास्तरच्या हातात दिली.

वर्तुळात हशा पिकला. चढली याला, कुणीतरी म्हणालं, दोन ग्लासांतच शेजारी दिसेनासा झाला. अहो नऊ वर्षांची सवय मोडलेली, दुसरा म्हणाला. मास्तर हसत हसत मान हलवत होता. त्यानं ग्लास भरला आणि सेवेरोच्या हातात ठेवून त्याची बोटं त्यावर मिटवली.

"मनावर घेऊ नका," मास्तर म्हणाला. "शुद्धीत असता तर तुम्हाला गाळलं नसतं त्यानं."

विदाल कोटाची बटणं लावून फाटकातून बाहेर पडला होता. कुणी त्याला थांबवलं नाही. सगळे सेवेरोकडे बघत होते, म्हणून सेवेरोनं ग्लास रिकामा केला.